शिप्रेचे पाणी आणि विरल मृत्तिकांचे फंड

उज्जैनला माझे आजोळ. गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ च्या अखेरीस, चार दिवसांची सुटी काढून मामांकडे गेलो होतो. मामा आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झाले. रोज सकाळी रामघाटावर जाऊन पायऱ्यांवर तासभर बसण्याचा त्यांचा नेम आहे. मीही बरोबर गेलो. थंडी चांगलीच होती. २०२८ च्या सिंहस्थाची कामे चालू असल्यामुळे कुठून तरी यंत्रांचा आवाज येत होता. घाटावर पिंडदानाची गर्दी अजून सुरू व्हायची होती.

आमच्यापासून दहा पावलांवर एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात फेकत होता आणि हळूहळू ओढून घेत होता. भाविक नदीत पैसे टाकतात, ते हा काढतो. आजची एक-दोन रुपयांची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात. त्याच्याजवळ दोन चुंबके होती. एक लाउडस्पीकरमधले काळे, बांगडीसारखे, चांगले वजनदार. आणि दुसरे बोटाएवढे, चकचकीत, चंद्रकोरीच्या आकाराचे. मी विचारले, "हे बारके कशाला?" तो म्हणाला, "ये छोटावाला ज़्यादा खींचता है. कॉम्प्युटर में से निकाला है."

मुलगा खरे बोलत होता. संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये जे चुंबक असते ते निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांच्या मिश्रणाचे. निओडिमियम हे विरल मृत्तिकांपैकी एक मूलद्रव्य. मी हे मामांना सांगायला गेलो तर त्यांनी हसून कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "भाचेबुवा, मग हेही वाचा. तुम्ही कॉमर्सचे प्रोफेसर. मला तर काही समजून नाही राहिलं."

कागदावर वर ठळक अक्षरांत लिहिले होते : 'रेअर अर्थ फंड : उद्याचे सोने'. खाली तीन योजना होत्या. हा कागद ओळखीच्याच एका तरुण एजंटाने दिला होता. मामांनी वाड्यातील आपला वाटा विकला होता आणि त्याचे आठ लाख रुपये बँकेच्या बचतखात्यात पडून होते. त्यातील साधारण निम्मे पैसे नातीच्या फिजिओथेरपीच्या शिक्षणासाठी येत्या दोन वर्षांत लागणार, उरलेले म्हातारपणासाठी. एजंटाचे म्हणणे असे, की सगळे आठ लाख येथे घाला, दोन वर्षांत दुप्पट होतील.

त्या तासाभरात आणि नंतर घरी पोह्यांच्या बशा पुढे ठेवून आम्ही जे बोललो ते येथे जरा विस्ताराने लिहितो. आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती पहिला पगार पडला की असाच एखादा कागद त्यांच्याही हाती पडतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पूर्वी तो छापील असे, आता मोबाइलवर येतो, एवढाच फरक.

प्रथम विरल मृत्तिका म्हणजे काय ते पाहू. मी रसायनाचा माणूस नव्हे. जे सांगतो ते आमच्या रसायन विभागातील सहकाऱ्यांकडून शिकलेले आहे. ही एकूण सतरा मूलद्रव्ये : पंधरा लँथनाइडे, आणि त्यांच्या जोडीला स्कँडियम व इट्रियम. नावात 'विरल' असले तरी ती फारशी विरळ नाहीत. यातील सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतके आहे. नाव पडले ते जुन्या काळी. स्वीडनमधील इटर्बी नावाच्या खेड्यातील एका काळ्या दगडातून १७९४ साली गाडोलिन याने एक नवी 'मृत्तिका' वेगळी केली. मृत्तिका म्हणजे त्या काळच्या रसायनशास्त्राच्या भाषेत धातूचे ऑक्साइड. आमचे कानडी सहकारी यांना 'विरळ भस्म' म्हणतात, आणि मला तो शब्द मराठीपेक्षा अधिक अचूक वाटतो. आपल्या वैद्यकातल्या भस्मांसारखेच ते प्रकरण आहे. त्या एका खेड्याच्या नावावरून इट्रियम, टर्बियम, अर्बियम आणि इटर्बियम अशी चार मूलद्रव्यांची नावे पडली. एवढे भाग्य मोठमोठ्या राजधान्यांच्याही वाट्याला आलेले नाही.

अडचण आहे ती यांना एकमेकांपासून वेगळे करण्याची. ही सतरा भावंडे रासायनिक स्वभावाने इतकी सारखी, की एका दगडात बहुतेक एकत्र सापडतात आणि सुटी करायला आम्ल, द्रावके आणि शेकडो टप्प्यांची साखळी लागते. शिवाय अनेक खनिजांत थोरियमसारखे किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलेले असते. त्यामुळे खाण असणे ही एक गोष्ट झाली, आणि शुद्ध माल हाती येणे ही अगदीच वेगळी. दुसऱ्या गोष्टीत चीनने गेल्या चाळीस वर्षांत अशी आघाडी घेतली की आज जगातील खाणउत्पादनाचा सुमारे ७० टक्के आणि शुद्धीकरणाचा सुमारे ९० टक्के भाग त्या एका देशात आहे.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे वाळू आहे. केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशा यांच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूत मोनाझाइट नावाचे खनिज असते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्रावणकोरच्या या वाळूचा शोध लागला तो गॅसबत्तीच्या पायी. बत्तीचे जे पांढरे जाळीदार मँटल असते त्यासाठी थोरियम आणि चिमूटभर सिरियम लागे, आणि ते मोनाझाइटातून मिळे. ज्यांनी लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेतलेल्या बत्त्या पाहिल्या आहेत त्यांनी विरल मृत्तिकांचा प्रकाश पाहिला आहे, हे त्यांना माहीत नसेल. स्वातंत्र्यानंतर १९५० साली 'इंडियन रेअर अर्थ्स' ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ साली केरळात आलुवा येथे तिचा कारखाना सुरू झाला. १९६३ पासून ती पूर्णपणे केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. देशात मोनाझाइटाचा साठा सुमारे १ कोटी ३० लाख टन असल्याचा सरकारी अंदाज आहे. तरी जगाच्या उत्पादनात आपला वाटा टक्क्याच्याही आत. आपल्या मोनाझाइटात निओडिमियम आहे, पण मोटारीच्या चुंबकांना उष्णता सोसण्यासाठी लागणारे डिस्प्रोसियम, टर्बियम हे 'जड' गडी फारच थोडे आहेत.

येथे गुंतवणूकदाराच्या दृष्टीने पहिली गाठ आहे, आणि ती मी मामांना सांगितली. "मामा, भारतात या वस्तूचे काम करणारी जी प्रमुख कंपनी आहे ती सरकारची आहे. तिचे शेअर बाजारात नाहीतच. मग फंडवाला घेणार काय?"

मामा म्हणाले, "तेच तर विचारतो. मग हा फंड आहे कशाचा?"

याचे उत्तर द्यायचे तर फंड म्हणजे काय येथून सुरुवात करावी लागते. मी वर्गात भिशीपासून सुरुवात करतो. भिशीत दहा जण पैसे एकत्र करतात व पाळीपाळीने एकाला देतात. म्युच्युअल फंडात हजारो जण पैसे एकत्र करतात, पण ते कोणा एकाला देत नाहीत. त्या पैशांतून शेअर किंवा कर्जरोखे घेतात आणि त्या साऱ्या गाठोड्याचे समान तुकडे करून प्रत्येकाला त्याच्या पैशाप्रमाणे तुकडे देतात. या तुकड्याला युनिट म्हणायचे. रोज संध्याकाळी गाठोड्याची बाजारभावाने किंमत काढायची, देणी वजा करायची, युनिटांच्या संख्येने भागायचे. जे येईल ते त्या दिवसाचे 'नक्त मालमत्ता मूल्य', म्हणजे लोक ज्याला एनएव्ही म्हणतात ते. गाठोडे सांभाळणारी कंपनी वेगळी, तिच्यावर नजर ठेवणारे विश्वस्त वेगळे, आणि रोखे प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात असतात तो अभिरक्षक वेगळा. ही वाटणी मुद्दाम केलेली आहे. पैसे सांभाळणारा आणि पैसे ताब्यात ठेवणारा एकच असला की काय होते ते आपल्याकडच्या अनेक पतपेढ्यांनी दाखवून दिले आहे.

आपल्या देशात या प्रकाराची सुरुवात १९६३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या युनिट ट्रस्टपासून झाली. १९६४ साली त्यांची 'युनिट ६४' योजना निघाली आणि मध्यमवर्गाने ती जवळजवळ बँकेसारखी मानली. तिच्यात एक मोठी खोट होती : युनिटची खरेदी-विक्रीची किंमत ट्रस्ट स्वतः ठरवीत असे, आतल्या गाठोड्याच्या बाजारभावाशी ती बांधलेली नव्हती. वरची किंमत आणि आतला माल यांत अंतर पडत गेले, आणि जुलै २००१ मध्ये योजनेची पुनर्खरेदी थांबवावी लागली. पुढे २००२ साली मूळ कायदाच रद्द करून ट्रस्टचे दोन भाग करण्यात आले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हे प्रकरण परीक्षेत येवो न येवो, नीट वाचावे असे मला वाटते.

"म्हणजे," मामा नदीकडे बोट दाखवून म्हणाले, "नाव शिप्रेचं आणि पाणी नर्मदेचं."

मी चमकलो. आयुष्यभर पाटबंधाऱ्यात काम केलेला माणूस. फेब्रुवारी २०१४ मध्ये नर्मदा-शिप्रा जोडयोजना सुरू झाली तेव्हापासून कोरड्या दिवसांत रामघाटापाशी जे पाणी दिसते त्यात पंपाने चढवून आणलेले नर्मदेचे पाणी असते. स्नान करणारा शिप्रास्नानाचे पुण्य घेतो. पाणी कुठले ते विचारीत नाही. धर्मात ते चालते. फंडात मात्र वरचे नाव सोडून आतले पाणी पाहावेच लागते.

कागदावरील पहिली योजना होती ती परदेशी. अमेरिकेच्या शेअरबाजारात विरल मृत्तिकांचा एक सुप्रसिद्ध फंड आहे. तो ऑक्टोबर २०१० मध्ये व्हॅनएक या कंपनीने काढला. हा 'ईटीएफ' प्रकारचा फंड, म्हणजे त्याचे युनिट शेअरप्रमाणे बाजारात दिवसभर खरेदी-विक्री होते. तो एका ठरलेल्या निर्देशांकाची नक्कल करतो. कोणता शेअर चांगला, कोणता वाईट याचा विचार व्यवस्थापक करीत नाही. त्याच्या पूर्ण नावात 'विरल मृत्तिका' यांच्यापुढे 'आणि व्यूहात्मक धातू' असे शब्द आहेत. कागदावर ते गाळले होते. त्या शब्दांतून आत काय येते? लिथियमच्या कंपन्या येतात, टायटेनियमच्या येतात, टंगस्टनच्या येतात. चिनी कंपन्यांचा वाटा मोठा आहे. विरल मृत्तिकांवर बोली लावतो असे समजून माणूस यात शिरला तर बॅटरीच्या धंद्यात मंदी आली म्हणून त्याचे पैसे घटू शकतात.

दुसरीही एक गोष्ट आहे. फंडाकडे निओडिमियमच्या गोण्या नसतात. सोन्याचा ईटीएफ सोने घेऊन तिजोरीत ठेवतो, म्हणून सोन्याचा भाव चढला की त्याचे मूल्य चढते. विरल मृत्तिकांचा भाव सोन्याचांदीप्रमाणे खुल्या बाजारात रोज ठरत नाही. बहुतेक माल उत्पादक आणि कारखानदार यांच्यातील करारांनी जातो. म्हणून असा फंड खाणी व शुद्धीकरण करणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेतो. कंपनी म्हटली की तिच्यावर कर्ज असते, संचालक असतात, पर्यावरणाचे खटले असतात. धातू महाग होऊनही कंपनी बुडू शकते आणि स्वस्त होऊन तर बुडतेच.

हे नुसते पुस्तकी बोलणे नाही. सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळ एक चिनी मासेमारी नौका आणि जपानी तटरक्षक दलाच्या नौका यांची टक्कर झाली. त्यानंतर जपानला जाणारा चिनी माल अडला, जगभर घबराट पसरली आणि वर्षभरात विरल मृत्तिकांचे भाव अनेक पटींनी वाढले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माउंटन पास ही जुनी खाण मॉलीकॉर्प नावाच्या कंपनीकडे होती. तिने जुलै २०१० मध्ये १४ डॉलरला शेअर विकले होते. २०११ च्या मे महिन्यात त्याचा भाव ७५ डॉलरच्या वर गेला. नवे फंड निघाले ते याच सुमारास. मग कारखानदारांनी काय केले? जिथे जमेल तिथे या धातूंचा वापर कमी केला, पर्याय शोधले, साठे वापरले. भाव कोसळले. मॉलीकॉर्पने जून २०१५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दिला. मघाशी सांगितलेल्या फंडाचे मूल्य २०११ च्या शिखरापासून २०१६ च्या आरंभापर्यंत चार पंचमांशाहून अधिक घटले.

मामांनी बोटांवर हिशेब केला. "शंभराचे वीस."

"हो. आणि वीसाचे परत शंभर व्हायला किती टक्के वाढ लागते?"

"ऐंशी."

मी मान हलवली. माझे विद्यार्थीही दरवर्षी हेच उत्तर देतात. वीसाचे शंभर म्हणजे पाचपट. चारशे टक्के वाढ. उतरणीचा टक्का आणि चढणीचा टक्का एका मापाचे नसतात.

आता कोणी म्हणेल, हे जुने झाले. खरे आहे, परिस्थिती पालटली आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने समॅरियम, डिस्प्रोसियम, टर्बियम यांसह सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि काही आठवड्यांतच आपल्याकडील मोटार कारखानदारही चुंबकांसाठी हवालदिल झाले. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने त्याच माउंटन पास खाणीची आजची मालक एमपी मटेरियल्स या कंपनीत ४० कोटी डॉलर घालण्याचे ठरवले आणि निओडिमियम-प्रासिओडिमियमला दहा वर्षे किलोमागे किमान ११० डॉलर भावाची हमी दिली. शेअर एका दिवसात सुमारे निम्म्याने वर गेला. आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळानेही जानेवारी २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले, आणि नोव्हेंबरात चुंबकांच्या देशी उत्पादनासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना. या धंद्याला भविष्य नाही असे मी मुळीच म्हणत नाही. विजेवर चालणारी गाडी, पवनचक्की, क्षेपणास्त्र, सगळ्यांना हे चुंबक लागते.

पण या साऱ्या बातम्यांत भाव ठरवणारा कोण आहे ते पाहा. एका सरकारने दार लावले, दुसऱ्याने हमी दिली, तिसऱ्याने अनुदान. उद्या दोन सरकारांचा समझोता झाला की दार उघडेल. धान्याच्या अडत्याला पावसाचा अंदाज तरी बांधता येतो. बीजिंगमधील कचेरीत काय शिजते आहे त्याचा अंदाज उज्जैनच्या निवृत्त कारकुनाने कसा बांधावा? आणि माउंटन पासची खाण आज जोमात आहे म्हणून मॉलीकॉर्पच्या जुन्या भागधारकांना काय मिळाले? खाण तीच, दगड तेच. धनी बदलले.

या परदेशी फंडात भारतातून पैसे घालता येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवण्याची मुभा आहे. त्यासाठी परदेशी व्यवहार करणारा दलाल, रुपयाचे डॉलर करण्याचा खर्च आणि आयकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची नोंद हे सगळे येते. मामांचे विवरणपत्र शेजारचा मुलगा भरतो. त्याला या रकान्याविषयी विचारले तर तो पळून जाईल.

कागदावरची दुसरी योजना भारतीय फंडाची होती : खनिजे, धातू आणि ऊर्जा असा विषय घेतलेला. येथे जरा फंडांच्या जातिकुळी सांगितल्या पाहिजेत. २०१७ साली सेबीने म्युच्युअल फंडांची वर्गवारी घालून दिली, कारण तोवर प्रत्येक कंपनी मनाला येईल ते नाव देत असे. ढोबळमानाने शेअरचे फंड, कर्जरोख्यांचे फंड, दोहोंचे मिश्रण, आणि निर्देशांकाचे वगैरे इतर. शेअरच्या फंडांत काही बाजारभर हिंडणारे : बँका, औषधे, सिमेंट, साबण, सगळे थोडे थोडे. काही मात्र एकाच क्षेत्राला किंवा विषयाला बांधलेले. त्या वर्गवारीप्रमाणे यांना किमान ८० टक्के पैसे त्याच विषयात ठेवावे लागतात. म्हणजे धातूंच्या धंद्याला वाईट दिवस आले हे व्यवस्थापकाला स्वच्छ दिसत असले तरी तो बाहेर पडू शकत नाही. हात बांधून पोहायला सोडल्यासारखे आहे. त्या फंडाच्या ताज्या यादीत पाहिले तर पोलाद, अॅल्युमिनियम, कोळसा, तेल. विरल मृत्तिकांचा मागमूस नाही. एजंटाने 'खनिज' या शब्दावर पूल बांधला होता.

याच जातीच्या फंडात मीही एकदा हात पोळून घेतला आहे, तेव्हा दुसऱ्याला हसण्याचा मला अधिकार नाही. जानेवारी २००८ मध्ये रस्ते-वीज-बंदरे या विषयाचा एक नवा फंड निघाला. 'फक्त दहा रुपयांना युनिट' अशी जाहिरात होती. वाणिज्य शिकवणाऱ्या माणसाला दहा रुपये म्हणजे स्वस्त नव्हे, हे कळायला हवे होते. दहा रुपयांच्या युनिटात दहा रुपयांचा माल असतो आणि पाचशे रुपयांच्या युनिटात पाचशेचा. गाठोडे तेच असेल तर दोन्ही सारख्याच टक्क्यांनी वाढतात. पण त्या दिवसांत सेन्सेक्स एकवीस हजारांना टेकला होता, स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता, आणि मी पन्नास हजार भरले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सेन्सेक्स आठ हजारांच्या आसपास आला. माझ्या पन्नासाचे वर्षभरात वीस-बावीस झाले. रस्ते झाले, बंदरे झाली, देशात वीजही आली. विषयात चूक नव्हती. मी पैसे भरले तेव्हा त्या विषयाचा भाव आधीच आकाशाला गेला होता. मुद्दल पुरे व्हायला २०१७ उजाडले. घरात हे मी कितीतरी वर्षे सांगितले नव्हते.

खर्चाविषयीही थोडे सांगतो. फंड चालवण्याचा खर्च रोज गाठोड्यातूनच वजा होतो, त्यामुळे तो आपल्या हातून गेल्यासारखा वाटत नाही. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडात 'डायरेक्ट' म्हणून एक दार असते, ज्यात वितरकाचे कमिशन नसते. फरक साधारण अर्धा ते एक टक्का. एक टक्का म्हणजे काय? एक लाख रुपये वीस वर्षे ११ टक्क्यांनी वाढले तर ८ लाख ६ हजार होतात. १० टक्क्यांनी वाढले तर ६ लाख ७३ हजार. सव्वा लाखाहून अधिक रक्कम त्या एका टक्क्यात गेली. चांगला सल्लागार असेल तर ती देणे वावगे नाही. वैद्याची फी आपण देतोच. मात्र औषध विकणाराच वैद्य असेल तर नाडी जरा स्वतःही पाहावी.

तिसरी योजना मी मामांना मोठ्याने वाचायला सांगितली. 'रेअर अर्थ पूल. दरमहा २ टक्के निश्चित परतावा. मुद्दलाची हमी. प्रवेश मर्यादित.' खाली एक मोबाइल क्रमांक. सेबीचा नोंदणी क्रमांक नाही, विश्वस्तांचे नाव नाही, योजनेचे माहितीपत्रक नाही. दरमहा २ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला जवळजवळ २७ टक्के. ज्याला आपल्या धंद्यात २७ टक्के खात्रीने मिळतात तो बँकेकडून कर्ज घेईल. रामघाटावर कागद वाटत हिंडणार नाही. बाजारावर अवलंबून असलेला म्युच्युअल फंड अशी हमी देत नाही, आणि नोंदणीशिवाय ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. सेबीच्या संकेतस्थळावर नाव घालून पाहायला दोन मिनिटे लागतात. आम्ही तिथेच पायरीवर बसून पाहिले. ते नाव कुठेच नव्हते.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो मुलगा आपल्या घरी जेवलेला आहे रे."

यावर मी काय बोलणार? त्या मुलालाही कदाचित कोणी असाच कागद दिला असेल. त्याच्या स्वतःच्या आईचे पैसे त्यात असतील. असे पुष्कळदा असते.

घरी आल्यावर मामींसमक्ष वही काढली. नातीच्या फीचे चार लाख : त्याला दोन वर्षांत चार तारखा आहेत, म्हणून त्या तारखांना पिकतील अशा चार मुदतठेवी. त्यात शेअर नको, फंडही नको. ज्या पैशाला तारीख आहे त्याला बाजाराचे पाणी दाखवू नये, असे माझे मत आहे. माझे काही सहकारी अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांचे फंड सुचवतील, पण एकाहत्तराव्या वर्षी पाव-अर्ध्या टक्क्यासाठी नवे शास्त्र शिकायला लावण्यात मला अर्थ दिसत नाही. उरलेल्या चारांतील तीन लाख दुसऱ्या बँकेत, कारण ठेवींचा विमा एका बँकेत एका ठेवीदाराला, व्याज धरून, पाच लाखांपर्यंतच आहे. ही मर्यादा २०२० साली एक लाखावरून वाढवली गेली. राहिले एक लाख. ते बाजारभर हिंडणाऱ्या साध्या निर्देशांक फंडात, डायरेक्ट दाराने, दरमहा थोडे थोडे करून घालावे आणि दहा वर्षे तिकडे पाहू नये, असे मी म्हटले.

"दहा वर्षे?" मामा म्हणाले. "आणि मी?"

मामी म्हणाल्या, "नातीच्या नावे करा." प्रश्न मिटला.

पण पूर्ण मिटला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर मामांनी हळूच सांगितले, की त्या लाखातले दहा हजार ते धातूंच्या भारतीय फंडात घालणार आहेत. मी विचारले, आता कशाला? तर म्हणाले, "पेपरात रोज त्या चुंबकांचं वाचतो. थोडं आपलंही असावं म्हणजे वाचायला गंमत येते. गेले तर दहा गेले." मी त्यांना पुन्हा एकदा सांगितले की त्या फंडात चुंबक नाही, पोलाद आणि कोळसा आहे. "माहीत आहे रे," ते म्हणाले, "शिप्रेत नर्मदा आहे हेही माहीत आहे. तरी मी रोज येतोच की."

तो मुलगा त्या दिवशीही होता. निघताना मी त्याला कमाई विचारली. त्याने मूठ उघडून दाखवली : एक-दोनाची मिळून तेवीस रुपयांची नाणी, दोन खिळे आणि एका कुलपाची गंजलेली किल्ली. मोठे काळे चुंबक त्याने आज घरीच ठेवले होते.